वापरात आहे का?

“दांडा बसवलाय की नाही, एवढंच सांग!”

“बसवलाय.”

“मग लिही ना ‘बसवला’! तुझं पेन झिजणार आहे का?”

“बसवलाय, आणि चादरीच्या चिंधीने वर बांधून ठेवलाय. ते कोण लिहिणार, चिमे?”

चिमी म्हणजे दादाची धाकटी बहीण. पंचेचाळिशीची झाली, तरी त्याच्या तोंडी चिमीच. दुपारच्या सुट्टीत लाँड्रीतल्या कामावरून तडक ती त्याच्या विमा एजन्सीचे दोन जिने चढून आली होती. हातांना अजून ब्लीचचा वास. टेबलावर तिच्याच लाँड्रीची फाईल उघडी पडलेली.

दादा नेमकं काय करतो, हे घरात कुणाला धड सांगता यायचं नाही. कामगाराला इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणून कारखान्यांना विमा घ्यावा लागतो. तो द्यायचा की नाही हे विमा कंपनीतला अंडररायटर ठरवतो. आणि त्याने ‘हो’ म्हणावं अशी फाईल दादा तयार करतो. माणसं किती, कोण खरोखर कुठल्या मशीनवर, पाच वर्षांत कुणाला काय लागलं, त्यानंतर काय बदललं. “अपघात लपवू नका, उलगडून सांगा,” असं तो मालकांना बजावायचा. ऑफिसात त्याचं नाव व्याकरणकाका. ‘बसवला’, ‘बसवणार’ आणि ‘बसवला जाईल’ यांत त्याला तीन निरनिराळे कारखाने दिसत.

ही नजर काही फुकट आली नव्हती. बारा वर्षांपूर्वी एका लाकूड कारखान्याच्या मालकावर भरवसा ठेवून त्याने खुर्चीत बसूनच लिहिलं होतं, ‘करवतीला जाळी बसवली.’ विमा मिळाला. चौथ्या महिन्यात करवतीवरच्या माणसाचा हात कोपरापासून गेला. अंडररायटरबाईंनी आरडाओरडा केला नाही. दादाच्याच पत्राची झेरॉक्स परत पाठवली, ‘बसवली’भोवती लाल गोल करून. तेव्हापासून तो प्रत्येक ठिकाणी स्वतः जातो, हात लावून बघतो. बाई आता म्हणतात, “तुमचं पत्र असलं की मी माणूस तपासायला पाठवत नाही.”

लाँड्रीतही तो गेला होता. हॉस्पिटलच्या ओल्या चादरी दोन तापलेल्या रोलरमधून जातात. हात फार जवळ गेला की रोलरपुढच्या आडव्या दांड्याला लागावा आणि मशीन थांबावं, अशी सोय. दांडा वर बांधला की हात लागत नाही, मशीन थांबत नाही. पाच वर्षांत तीन अपघात, तिन्ही डावे हात. म्हणून तर मालकिणीने नवा दांडा बसवला. आणि आता कंपनीच्या अर्जात एक ओळ जास्तीची होती : सुरक्षेचा दांडा वापरात आहे का?

“अरे, चादरीला चुणी पडली तरी थांबतं ते!” चिमी म्हणाली. “मग रोलर पुन्हा तापेपर्यंत आम्ही काय, एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं? हॉस्पिटलची गाडी वेळेत भरली नाही की अर्ध्या दिवसाचीच हजेरी लागते.”

“हे मालकिणीला सांगितलंस?”

“सांगितलं की. म्हणाली, बघू.”

“तिचं हे ‘बघू’ लिहू का पत्रात?”

“लिही! आणि शनिवारी विमा संपून लाँड्री बंद पडली की चाळीसजणींना सोमवारी इथेच घेऊन येते. चहा ठेव तेवढा.”

त्याला हसू आलं, पण ओठांपर्यंत पोचलं नाही.

“तुझ्या शेजारी उभी राहायची ती,” तो म्हणाला, “तिच्या डाव्या हाताला काय राहिलंय?”

“अंगठा.”

“तेव्हा जुना दांडा होता. तोही बांधलेला?”

चिमी खिडकीकडे वळली. खाली कुणीतरी ट्रक मागे घेत होतं.

“लाँड्रीत आलो त्या दिवशी मी फोटो काढला नाही, चिमे. बघितलं आणि मोबाईल खिशात टाकला. गाठ ओळखली मी. दप्तर सुटू नये म्हणून आई मारायची तीच, दुहेरी. या शहरात ती आता दोघांनाच येते.”

“मग? माझी गाठ सुटत नाही, म्हणून बांधायचं काम माझ्याकडे देतात.” तिचा आवाज चढला. “तू आम्हाला शहाणपण शिकवू नकोस. तुझ्या खुर्चीला रोलर नाहीत!”

पलीकडच्या टेबलावरचा कारकून उगाचच पाणी प्यायला उठला.

दादाने फाईल जवळ ओढली. त्या ओळीपुढे दोन चौकोन होते, हो आणि नाही. पेनाचं टोपण त्याने काढलं.

“ठीक आहे. मालकिणीच्या शब्दावर नाही लिहिणार. तुझ्या शब्दावर लिहितो. ‘हो.’ अंडररायटरबाईंना फोन करून सांगतो, मी स्वतः खात्री केलीय. फक्त तू मला एवढं सांग.”

“काय?”

“उद्या सकाळी जाऊन तू ती चिंधी सोडशील. आणि गाडी भरत नसली, सगळ्याजणी तुझ्या नावाने बोटं मोडत असल्या, तरी पुन्हा बांधणार नाहीस. म्हण. मी लगेच खूण करतो.”

चिमीने त्याच्याकडे बघितलं. लहानपणापासून तिने जगाला हजार थापा मारल्या होत्या, दादाला एकही नाही. तिने तोंड उघडलं. मग पिशवी काखोटीला मारली, खुर्ची पायाने सरकवली आणि ती जिन्याकडे चालू लागली.

“चिमे! सोडशील ना?”