पाटल्यांच्या बदल्यात रिफंड

दिवाळं निघालेला माणूस निदान महिनाभर तरी मान खाली घालून वावरतो, अशी माझी भाबडी समजूत होती. माझ्या थोरल्या दिरांनी ती एका रविवारी सकाळी, बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्याच हातचे पोहे खाता खाता खोटी ठरवली.

भाऊजींचा धंदा कलकत्त्याजवळच्या बजबज गावात होता. तागाच्या गिरण्यांना ते लाकडी खोकी पुरवायचे. चांगली वर्षं होती तेव्हा त्यांचा थाट काय विचारता! कलकत्त्यातल्या आम्हा मूठभर मराठी मंडळींत वर्गणीचा पहिला आकडा त्यांचा. आणि माझ्या नवऱ्याची, म्हणजे सरकारी हिशेबखात्यात नोकरी करणाऱ्या आपल्या सख्ख्या भावाची ओळख ते चारचौघांत ‘आमचा कारकून’ अशी करून देत. नवरा हसायचा. मला भाऊजींपेक्षा त्या हसण्याचा जास्त राग यायचा.

सत्तरच्या सुमारास गिरण्यांतून घेराव आणि टाळेबंदी सुरू झाली. भाऊजींचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बंद पडलं, बिलं अडकली, आणि जिथून तिथून उचललेल्या पैशांसाठी माणसं दाराशी यायला लागली. शेवटी वकिलाने हायकोर्टात नादारीचा अर्ज करायला सांगितलं. ‘घरची माणसं’ म्हणून आम्हा दोघांनाही त्या भेटीला नेलं होतं. वकीलबाबू म्हातारे, सरळ. त्यांनी हिंदीत नीट समजावलं की अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि हातातली हत्यारं सोडली तर बाकी सगळं कोर्टाच्या अधिकाऱ्याकडे जाईल, आणि तो ते घेणेकऱ्यांत वाटेल.

“इन्कम टॅक्सचा रिफंड यायचा असला तर तोही यादीत लिहा,” ते म्हणाले. “हातात आला नसला तरी तो तुमच्या मालमत्तेतच धरतात.”

भाऊजींचा रिफंड यायचा होता. आधीच्या कमाईच्या अंदाजाने त्यांनी आगाऊ कर भरला, आणि त्याच वर्षी धंदा बुडाला. सात हजारांच्या आसपास परत मिळणार होते. वकिलासमोर त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले.

पोह्यांची बशी संपत आली तेव्हा त्यांनी खिशातून स्टँपपेपर काढला. त्यावर गेल्या वर्षीची तारीख होती. “मिळतो असा,” ते म्हणाले, “ओळख लागते.” मजकूर इंग्रजीत टाइप केलेला. मी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोने, माझ्या सोन्याच्या पाटल्या मोडून त्यांना पैसे दिले, आणि त्या बदल्यात त्यांनी आपला रिफंड मला लिहून दिला. म्हणजे रिफंड माझा, यादीत लिहायचं कारण नाही.

“पैसे आले की मला आणून द्यायचे. घरातल्या घरात,” ते म्हणाले.

मी त्या वेळी चहा गाळत होते. “भाऊजी, पण पाटल्या तर माझ्या हातात आहेत.”

एखाद्या आगाऊ मुलीकडे बघावं तसं त्यांनी माझ्या मनगटांकडे बघितलं. “मग काढून ठेव. केस संपेपर्यंत शंखाच्या घाल. बंगाली बायका घालतात की!”

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने कागद पुढे ओढून घेतला होता आणि खिशातलं पेन काढून तो मजकुरातल्या इंग्रजीच्या चुका सुधारत होता. दोन ठिकाणी त्याने नेमक्या खुणा केल्या. त्या क्षणी त्याच्याबद्दल मला जे वाटलं ते पुढे संसारात पुष्कळ बोथट झालं, पण गेलं नाही.

आदल्याच आठवड्यात भाऊजींच्या कारखान्यातला म्हातारा सुतार आमच्याकडे येऊन गेला होता. भाऊजींच्या दाराला कायम कुलूप, म्हणून आमच्याकडे. पाच महिन्यांची मजुरी राहिली होती. पाय चिखलाने भरलेत म्हणून तो आत आलाच नाही, जिन्यात बसून पाणी प्यायला.

“मिस्त्रींच्या पगाराचं काय?” मी विचारलं.

“त्याचं नाव यादीत आहे. सगळ्यांना मिळेल तसं त्यालाही मिळेल.”

“कशातून? रिफंड तर माझ्या पाटल्यांचा झाला.”

“शाळेत शिकवतेस म्हणून घरातसुद्धा छडी घेऊन बसू नकोस,” भाऊजी म्हणाले. “सही कर.”

“नाही करणार. आणि कोर्टात कुणी विचारलं तर या पाटल्या दाखवीन.”

यात सत्याची चाड किती आणि भीती किती, हे मी आजही सांगू शकत नाही. ‘कारकून’ या शब्दाचा हिशेबही त्यात होताच. नाही म्हणताना मला मजा आली, हे मात्र खरं. भाऊजींनी कागदाची घडी घातली, उरलेले पोहे संपवले, चहा प्यायला आणि निघून गेले.

सही करायला दुसरं कुणी मिळालं नसावं, कारण रिफंड शेवटी यादीत लिहिला गेला. काही महिन्यांनी कळलं ते असं. भाऊजींनी दोन वर्षांपूर्वीचा कर थकवला होता, आणि हे त्यांनी वकिलालाही सांगितलं नव्हतं. रिफंडातून आधी ती थकबाकी कापून घेतली गेली. कोर्टाच्या अधिकाऱ्याच्या हाती अकराशेच्या वर थोडे रुपये पडले. कायद्याने मजुरीला पहिला मान, त्यामुळे म्हाताऱ्याला त्यातले थोडे मिळाले, पुरे नाहीत. म्हणजे भाऊजी ज्याच्यासाठी मला खोटं बोलायला लावत होते तो रिफंड बहुतांशी नव्हताच, आणि ते त्यांना ठाऊक असायला हवं होतं. फसवायचं म्हटलं तरी आधी आपले कागद वाचावे लागतात, तेवढेही कष्ट त्यांनी घेतले नव्हते.

पुढे एकदा नवऱ्याच्या ऑफिसातल्या स्नेह्यांकडे बराकपूरला जेवायला गेलो होतो. बोलणं दिवाळखोरीवर आलं, तसा नवरा घास थांबवून म्हणाला, “मी दादाला तोंडावर सांगितलं, असला कागद माझ्या घरात चालणार नाही.” सगळ्यांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. मीही पाहिलं.

परतताना गाडीत मी विचारलं, “तुम्ही सांगितलंत?”

“अगं, घर एकच ना आपलं,” तो म्हणाला, “तू सांगितलंस काय, मी सांगितलं काय.”

 सियालदा स्टेशन येईपर्यंत त्याला छान झोप लागली होती.