चालतं ते मोडणारी पेटीवाली

ये, अशी जवळ बस. आणि तोंड का पाडलंयस? कॉलेजात कॉम्प्युटर शिकतेस आणि चालू प्रोग्रामला हात लावायला घाबरतेस? कमाल आहे बाई तुझी! आमची पेटीवाली असती तर तिनं तुझ्या डोळ्यांदेखत तो पुसून टाकला असता. बिघडलेला नव्हे हं, चांगला चाललेला! वर म्हणाली असती, "आता पुन्हा उभा करा. उभा राहिला तरच तो आपला."

पेटीवाली म्हणजे शबाना. शुक्रवार पेठेत आमच्या समोर राहायची आणि तिकडं पुण्यातल्या कंपनीचं काम इथूनच, घरून करायची. आमच्या बारा बायकांच्या कडक भाकरीच्या गटाला तिनं पायथनमध्ये एक वेबसाइट लिहून दिली. गिऱ्हाइकानं मोबाइलवर उघडायची, भाकरी निवडायची, की ऑर्डर थेट आमच्याकडं. त्याआधी दुकानदार सांगेल तेव्हा आणि तेवढंच भाजायचं, असं आमचं चाललेलं.

साइट तिच्या लॅपटॉपवर झकास चालली. भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर नेली, तर बसली हटून. तिथलं पायथन जुनं निघालं. "माझ्याकडं तर चालतंय की!" शबाना कपाळाला हात लावून म्हणाली. मला हसू आलं. "अगं, आमची प्रत्येक बाई हेच म्हणायची. माझ्या तव्यावर तर भाकरी कडक होते की! म्हणून तर आम्ही पीठ, माप, तवा सगळ्यांना एकसारखा वाटला."

ती टुणकन उठली. "हौ काकू, हेच करायचं!" मग तिनं साइट आणि तिला लागणारं सगळं एकत्र घालून कॉम्प्युटरातच एक पेटी बांधली. तिच्या धंद्यात अशा पेटीला कंटेनर म्हणतात. पायथन कोणतं, सोबत काय काय लागतं, कशानंतर काय, ही सगळी कृती एका फाइलीत लिहायची. त्या कृतीवरून पेटी लॅपटॉपवर बांधा नाहीतर सर्व्हरवर, साइट तीच. काही बदलायचं झालं, तर कृतीत बदलायचं, जुनी पेटी मोडायची आणि नवी बांधायची. ऑर्डरींची नोंद मात्र पेटीबाहेर ठेवायची, म्हणजे पेटी मोडली तरी ती शाबूत.

मला हे शिकवताना ती दोन्ही हात ओढणीत गुंडाळून बसायची. मी सातवी शिकलेली, एकेक अक्षर शोधून दाबणारी. एका ओळीला दहा मिनिटं लागली तरी तिचा हात पुढं यायचा नाही. "माझा हात लागला की काम माझं होतं, काकू. डरो नक्को. ती लाल अक्षरं रागवत नाहीत, काय अडलंय ते सांगतात."

मग तिला बेंगळुरूला नोकरी लागली. जायला आठ दिवस उरले, संक्रांत तोंडावर आलेली. "जुना सर्व्हर बंद करतेय," तिनं सांगितलं. "नव्यावर तुम्ही उभं करायचं. नाही जमलं, तर मी गेल्यावर हे बंदच पडणार." गटातल्या सगळ्याजणी माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. मी कृती चालवली, पेटी बांधली, साइट उघडली. आणि आमची कमल ओरडली, "अगं बया, बाजरीची भाकरी कुटं गेली?"

भोगीला लोक तीळ लावलेली बाजरीचीच मागतात, आणि यादीत ती नव्हतीच!

शबानानं हळूच विचारलं, "काकू, खरं सांगा. चालू पेटीत हात घातला होता?"

"व्हय," मी म्हटलं. पंधरा दिवसांपूर्वी मीच बाजरीची भाकरी परस्पर आत लिहून आले होते. कृतीची फाइल तशीच. "चांगलं चाललेलं मोडायला जीव होईना गं."

"म्हणजे भाजून झालेल्या भाकरीला तीळ लावलेत की तुम्ही! ते टिकतील का?"

कमल एवढी हसली, की तिला ठसका लागला. मी मात्र हसले नाही. फाइल उघडली, बाजरीची भाकरी तिच्या जागी लिहिली, बांधलेली पेटी स्वतःच्या हातानं पुसली आणि नवी बांधली. लाल अक्षरं दोनदा आली, दोनदा वाचली. शबाना जागची हलली नाही. तिसऱ्यांदा साइट उघडली, बाजरीसकट. कमलनं आपल्या मोबाइलवरून ऑर्डर टाकून बघितली, तीही आली.

जायच्या दिवशी स्टेशनवर तिनं मला सर्व्हरचा पासवर्ड बदलायला लावला. मी नवा सांगायला गेले, तर कानांवर हात ठेवून म्हणाली, "मला नक्को. आता ते तुमचं." गाडी सुटेपर्यंत तिनं तो ऐकून घेतला नाही. मी रडले. तीही रडली, पण ऐकलं नाही.

आता दुधनीच्या बायकांनी मला बोलावलंय, त्यांच्या शेंगाचटणीची साइट उभी करायला. कृती मी कागदावर लिहून देईन, पण टाइप त्यांनीच करायचं, आणि तेवढा वेळ गप्प बसणं मला एकटीला काही जमायचं नाही. तू सुट्टी लागली की लगेच ये. दोघी मिळून जाऊ.