सिरोंच्याच्या घाटावर राहिलेली

ब्रह्मपुरी सोडली तेव्हा माझ्याकडे एक जुनी व्हॅन होती. दुकान भावाकडे राहिलं. दुकान दोघांनी उभं केलं असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर सायकलवर जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यांची गाठोडी बांधून पंधरा वर्षं गावोगाव मी फिरलो आणि गल्ल्यावर तो बसला. वाटणीच्या दिवशी तो म्हणाला, "दुकान माह्याकडे राहू दे, तू गाडी घे." मी उठलो आणि चालायला लागलो. माझी ती सवयच होती. सौदा पटला नाही की उठायचं, मागे न बघता चालायचं. दहा पावलांत समोरचा हाक मारतोच. भावाने मारली नाही. मी चौकापर्यंत गेलो, पानठेल्यावर उगाच उभा राहिलो, आणि शेवटी गाडीची किल्ली मागायला मलाच परत जावं लागलं. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

व्हॅनमध्ये मी घर केलं. मागच्या बाजूला सागाच्या फळ्यांचा पलंग ठोकला. त्याच्याखाली भांड्यांची पोती, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह आणि पाण्याचा डबा, खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा. मी ठरवलं होतं की बाजार करत करत सिरोंच्यापर्यंत उतरायचं, नदी ओलांडायची आणि पलीकडे आंध्रात नव्याने धंदा मांडायचा. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं, भावालाही नव्हतं.

कुत्री मला आष्टीच्या बाजारात मिळाली. मिळाली म्हणजे काय, दुपारी गाडीखालच्या सावलीत येऊन बसली आणि संध्याकाळी मी गाडी सुरू केली तरी उठेना. मातीच्या रंगाची, डावा कान चिरलेला. मी हाकललं, शिव्या दिल्या, शेवटी मागचं दार उघडलं. ती पोत्यांवर जाऊन अशी निजली, जशी ती पोती तिच्याच मालकीची. नाव मी ठेवलं नाही. 'ए' म्हटलं की यायची.

आमच्या धंद्यात एक रीत होती. मी नवी जर्मनची भांडी द्यायचो आणि बदल्यात घरातलं जुनं पितळ घ्यायचो. कोणाच्या अंगणात पितळेचा हंडा पुढे ठेवला गेला आणि भाव जमला नाही, तर व्यापारी उठून जायचा, पण आपली थैली हंड्याजवळ ठेवून जायचा. थैली तिथे आहे तोवर दुसऱ्या व्यापाऱ्याने त्या हंड्याचा भाव करायचा नाही. सौदा रुसलेला आहे, मोडलेला नाही, असा त्याचा अर्थ. माझी थैली एकदा चोरीला गेली. मग मी थैलीच्या जागी कुत्रीला बसवायला लागलो. हंड्याजवळ बोट दाखवून "बस" म्हटलं की ती बसायची. मी गावाला चक्कर मारून, चहा पिऊन यायचो. "चल" म्हटल्याशिवाय ती उठत नसे. चामोर्शीकडच्या एका गावात पाऊस आला, अंगणातली माणसं घरात पळाली, आणि ही हंड्याजवळ भिजत बसलेली. घरची म्हातारी मला म्हणाली, "भाऊ, हंडा घेऊन जा बापा, पन त्या जनावराले उठव. मले पाहावत नाई."

तो हंडा मला स्वस्तात पडला. तेव्हा मी खूश झालो होतो.

आलापल्लीच्या पुढे रस्ता जंगलात शिरला. दिवाळी नुकतीच झाली होती, सकाळी काचेवर दव असायचं. दोन्ही बाजूंना साग, मध्येच ऐन आणि मोह, आणि मैलोगणती माणूस नाही. मी तासातासाने गाडी थांबवायचो, इंजिन तापतं म्हणून. खरं तर मला तिथे थांबायला आवडायचं. स्टोव्हला पंप मारायचो, चहा ठेवायचो, आणि ती पुढचे पाय दारात टाकून जंगलाकडे तोंड करून बसायची. कान हलत असायचे. मला जे ऐकू येत नव्हतं ते सगळं ती ऐकत असायची. चहात बुडवलेला पाव अर्धा तिचा. माझ्या आयुष्यात कोणाबरोबर अर्धं वाटून घेतलं आणि भांडण झालं नाही, असं तेवढंच.

जंगलखात्याच्या नाक्यावर शिपायाने दार उघडायला लावलं. पलंग, स्टोव्ह, पडदा बघून तो म्हणाला, "हे काय करून राह्यला तू? संसार घेऊन फिरून राह्यला का?"

"हो."

"मंग बायको कुठी हाय?"

मी पोत्यांकडे बोट दाखवलं. कुत्रीने एक डोळा उघडला.

"बरी हाय," तो म्हणाला. "साखर संपली म्हनून तर नाई सांगत." आणि नाक्याचा आडवा बांबू वर केला.

जंगलातले ते आठ-दहा दिवस मला आता वर्षांसारखे वाटतात. ब्रह्मपुरी सोडल्याचं दुःख आलापल्लीपर्यंत होतं. पुढे ते कमी झालं, आणि मला वाटायला लागलं की नदी आली नाही तरी चालेल.

पण नदी आली. सिरोंच्याला पोचलो तेव्हा दुपार होती. पूल नव्हता. दोन डोंगे शेजारी बांधून त्यांच्यावर फळ्या टाकत आणि त्या फळ्यांवर गाडी चढवून पलीकडे नेत. घाटावरचा नावाडी साठीचा होता, छातीवर पांढरे केस, बोलणं अर्धं तेलुगू आणि अर्धं आपलं. गाडीचं भाडं आमचं ठरलं. मी बरंच खाली आणलं होतं. मग तो कुत्रीकडे बघून म्हणाला, "हिचे अलग."

"कुत्रीचे पैसे? काऊन?"

"बकरीचे घेतो ना. हिचेबी तेवढेच."

"बकरी बाजारात इकते बाबा. ही इकते का?"

"ते तुयं तू पाह्य. डोंग्यात चार पाय चढले का पैसे."

"मंग मीबी चार पायांवर चढतो, माह्येबी बकरीचेच घे."

घाटावर बसलेले लोक हसले. नावाडी हसला नाही. "नसन पटत तं इथीच ठेव तिले," म्हणाला, आणि पाठ फिरवून दोर गुंडाळायला लागला.

रक्कम चहाच्या दोन कपांएवढी होती. पण माझं डोकं फिरलं. मी त्याच्या डोंग्याजवळ बोट दाखवलं, "बस" म्हणालो आणि चालायला लागलो. दहा पावलं झाली, वीस झाली. तो हाक मारेना. मी गाडीपाशी पोचलो. मागे बघितलं नाही. मला भावाचं दुकान दिसत होतं, आणि तो पानठेला. कोणाकोणाच्या हाकेची वाट बघायची, असं मनात आलं आणि मी गाडी सुरू केली.

दोन कोस वर दुसरा घाट होता. तिथे जोडडोंगा सुटायच्या बेतात होता. तिथला नावाडी ओरडला, "चढवाचं असन तं आता, वारा सुटून राह्यला." मी गाडी सरळ फळ्यांवर घातली. चाकांखाली दगड लावले, एक दगड पायाने दाबून उभा राहिलो. नदी रुंद होती, पाणी गढूळ, पलीकडचा किनारा हळूहळू मोठा होत होता. तो नावाडी म्हणाला, "अर्धी नदी आली, आता तू आंध्रात." मला भारी वाटलं. कमी भाड्यात आलो होतो.

रेतीवर उतरून गाडी वर घेतली, आणि चहा ठेवावा म्हणून मागचं दार उघडलं. पोती होती. पोत्यांवर तिच्या अंगाचा खळगा होता.

मी तिला 'चल' म्हटलंच नव्हतं. इतक्या गावांत मी स्वतः तिला शिकवलं होतं की इंजिनाचा आवाज आला तरी हलायचं नाही. रागात मी तेच विसरलो. इंजिन सुरू झालं म्हणजे ती मागून चढली असेल, असं मी धरून चाललो.

वारा वाढला होता, त्या दिवशी एकही डोंगा परत गेला नाही. सकाळी पहिल्या फेरीने मी माणसांबरोबर अलीकडे आलो आणि रेतीतून खालच्या घाटाकडे पळत गेलो. नावाडी डोंग्यातलं पाणी उपसत होता. जवळपास कुत्री नव्हती.

"कुठी हाय ती?"

"दिवसभर इथीच बसून होती," तो म्हणाला. "हाकललं तं गेली नाई. भात टाकला तं खाल्ला नाई. सांजेच्या टायमाले तुयासारखी एक गाडी आली वरून, पानी भरलं अन् आलापल्लीकडे परत गेली. ही उठली अन् मांगं पळाली."

"तुम्ही धरून नाई ठेवली? बांधाची नाई का?"

त्याने डबा खाली ठेवला. "भाऊ, मले काय मालूम का तू येनार हायस? तू गेला. मले वाटलं, सोडून गेला."

मी त्याला वाट्टेल ते बोललो. व्यापाऱ्यांची रीत सांगितली, थैलीची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमच्याकडे गेलेला मानूस गेलेला असते," आणि पुन्हा पाणी उपसायला लागला.

पाच दिवस मी त्या रस्त्यावर शोधलं. लाकडाच्या ट्रकवर बसून, बैलगाडीतून, बराच भाग पायी. प्रत्येक गावात विचारलं. मातीच्या रंगाची, कान चिरलेला. लोक म्हणायचे, तशा तर सगळ्याच आहेत. जंगलात मी 'ए' म्हणून हाका मारल्या. मला हाक मारायची सवय नव्हती, आवाज नीट निघेना. सहाव्या दिवशी पलीकडे गाडी आणि माल बेवारस पडला होता म्हणून परत फिरलो. खालच्या घाटावर तोच नावाडी काही न विचारता पुढे सरकला आणि बसायला जागा करून दिली. भाड्याचा शब्द त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

पलीकडे माझं जमलं. आता पक्कं दुकान आहे, भावाच्या दुकानाहून मोठं. व्हॅन विकली. पण माल घ्यायला मी दर दोन-तीन महिन्यांनी अलीकडे यायचो, आणि नेहमी खालच्याच घाटाने. डोंगा काठाला लागायच्या आधीच नावाडी मान हलवायचा. "राले, भाऊ," म्हणायचा. नाही आली. कधी जास्त सांगायचा, की रेपनपल्लीच्या एका माणसाला विचारलं, त्यानेही बघितली नाही. दोन वर्षं, तीन वर्षं. कुत्र्याचं आयुष्य किती असतं ते मला माहीत होतं, त्यालाही होतं. तरी तो सांगायचा आणि मी मान डोलावायचो.

मग एका हिवाळ्यात मी उतरलो, आणि तो पावसाबद्दल बोलला, नातीच्या लग्नाबद्दल बोलला, सामान उचलून दिलं. तेवढंच बोलला. मी काठावर बराच वेळ उभा राहिलो, चपलेतली रेती झाडत. तो दुसऱ्या फेरीची माणसं मोजायला लागला होता. मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आली नाही, एवढं तरी त्याने म्हणायला हवं होतं.