चांदण्यातल्या चिंबोऱ्या

हे सगळं असं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पाद्रीबाबांना तर नाहीच. दर वर्षी ईस्टरच्या आधी त्यांच्यापुढे गुडघे टेकते आणि पापं सांगते. शेजारणीच्या कोंबडीला धोंडा मारला, प्रार्थनेत डुलकी काढली, भाच्यावर तोंड टाकलं. ते जाळीपलीकडून विचारतात, आणखी काही? मी म्हणते, नाही बाबा. आणि नेमका त्याच वेळी मला चिंबोऱ्यांच्या, आमच्या खाडीतल्या खेकड्यांच्या, कालवणाचा वास येतो. पापाला वास असतो का हो? माझ्या पापाला आहे. भाजलेलं खोबरं, लसूण आणि चिंच.

मी इजाबेल. ठाण्याच्या खाडीकाठी आमचं गाव, आणि गावात मला सगळे इजाबाय म्हणतात. लग्न असो, बाप्तिस्मा असो, मोठं तपेलं चढायचं असलं की मला बोलावणं येतं. कल्याणहून आगगाडीनं पाहुणे येतात आणि उतरल्या उतरल्या विचारतात, कालवण इजाबायचंच ना? लोक माझ्या हाताच्या चवीबद्दल बोलायला लागले की मी पदरानं घाम पुसते आणि दुसरीकडे बघते. त्यांना वाटतं, बाई किती साधी!

साधी कसली — पण ते येईलच पुढे. आधी मासळीचं सांगू द्या, तिथे माझी जीभ अडखळत नाही. बोय मिळाली तर तिला कालवणात बुडवू नये. मीठ, हळद, आमसूल चोळावं, आल्या-मिरचीचं वाटण पोटात भरावं, केळीच्या पानात गुंडाळून गरम राखेत ठेवावी. पान काळं पडलं की झाली. जिताडा जाळ्यात सापडला तर त्या दिवशी भांडण करू नये, कारण त्याला मन लावून नारळाच्या दुधात मंद शिजवावं लागतं. निवट्या आधी चुलीच्या राखेनं खसाखसा चोळाव्यात, नाहीतर बुळबुळीत राहतात. मग कैरी घालून त्यांचं आंबट करावं. आणि चिंबोरी? चिंबोरी घ्यायची ती हातात तोलून. दिसायला मोठी आणि हाताला हलकी, तर ती परत टोपलीत.

बघा, पळालेच शेवटी चुलीमागे. पण पळून पळून आले कुठे, तर चिंबोरीपाशीच.

आमच्या खाडीवर शेंबडं पोरसुद्धा सांगेल की चिंबोऱ्या अवसेच्या सुमाराला भरतात आणि पुनवेच्या सुमाराला पोकळ होतात. चांदण्यातल्या चिंबोरीचा नांगा फोडला तर आत पाणी. आता गंमत अशी, की आमचे सण पाद्रीबाबांच्या तारखांनी येतात आणि चिंबोऱ्या चंद्राच्या हिशेबानं भरतात. दोघांचं एकमेकांशी काही बोलणं नाही. म्हणून आमच्याकडच्या बायका सणाच्या आधी आकाशाकडे बघतात, आणि मगच काय शिजवायचं ते ठरवतात.

हे कुणाला ठाऊक नसेल? जी खाडीवर वाढली नाही तिला.

माझा धाकटा भाऊ पास्कू. त्यानं बायको आणली ती कल्याणची. मरिया. तिचे वडील रेल्वेत होते, घर रुळांच्या कडेला. तिकडे नदीची मासळी आणि सुकट. मोठ्या डोळ्यांची, हळू बोलणारी, सगळं विचारून करणारी पोर. बाय, मीठ किती गो? बाय, चिंच आधी का मागून? मला तिचा राग यावा असं तिनं काहीच केलं नव्हतं. तरी यायचा.

का, ते सांगते. सबब म्हणून नाही, नुसतं घडलं तसं. मी विशीतच विधवा होऊन माहेरी आले होते. परत आलेल्या लेकीला घरात जागा कुठे असते? मला ती चुलीपुढे मिळाली. आईचे गुडघे धरले होते, म्हणून रांधायचं माझ्याकडे आलं. आणि आमच्या घरची रीत अशी, की नवी सून आली की गावच्या सायबिणीच्या, म्हणजे देवमातेच्या, सणाला भावकीचं कालवण तिनं एकटीनं करायचं. ते जमलं की सासू वर्षाच्या मसाल्याच्या बाटल्या तिच्या हवाली करते. उन्हाळ्यात कुटून, साहेबांच्या बंगल्यांवरून आणलेल्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरलेला तो मसाला. तो ज्या बाईच्या ताब्यात, तिचं घर. बाटल्या मरियाकडे गेल्या असत्या तर मी कोण उरले असते?

त्या वर्षी सण आला तो पुनवेला लागून. आदल्या दिवशी मरिया माझ्याजवळ येऊन बसली.

"बाय, सणाला काय करू गो?"

मी कांदा चिरत होते. वर न बघता म्हटलं, "चिंबोऱ्या कर. सगल्यांना आवडतान."

झालं. एवढंच. यात खोटं एक अक्षर तरी आहे का? चिंबोऱ्या सगळ्यांना आवडतात. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की इजाबेल, तू खोटं बोलली नाहीस. पण तिनं मला विचारलं होतं आणि मला माहीत होतं — हे दोन्ही खरं असताना मी कांदा चिरत राहिले. आणि खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटत होतं. डोळ्यांत पाणी होतं ते कांद्याचं.

सणाच्या सकाळी मरियानं बंदरावर जाऊन टोपलीभर चिंबोऱ्या आणल्या. काय एकेक मोठी! विकणारीनं हसत हसत दिल्या असतील. मी नवं लुगडं नेसून पाद्रीबाबांच्या देवळात गेले. सायबिणीपुढे मेणबत्तीसुद्धा लावली, बघा माझी हिंमत.

दुपारी भावकी पंगतीला बसली. नांगे फुटायला लागले — कडाक, कडाक — आणि प्रत्येक नांग्यातून पाणी. मग आमचा थोरला काका, ज्याच्या जिभेला हाड नाही, मोठ्यानं म्हणाला, "अगो सूनबाय, चिंबोऱ्या शिजवल्यास का त्यांची नुसती घरं?" जो हशा पिकला म्हणता! पास्कूसुद्धा हसला. मरिया दारात कालवणाचा डाव धरून उभी होती. तिनं तो डाव खाली ठेवला नाही, तशीच उभी राहिली. मी हसले नाही. पण माझ्या न हसण्याचं कौतुक कशाला? सगळं करून सवरून मी नामानिराळी बसले होते.

बाटल्या आईकडेच राहिल्या, म्हणजे माझ्याकडे.

इथे थांबता आलं असतं तर पाप एकच राहिलं असतं. पण सगळे उठल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, तपेल्याच्या तळाशी रस्सा उरला होता, तो बोटानं चाखला — आणि तिथेच बसले. असा रस्सा मी जन्मात खाल्ला नव्हता. आमच्या कालवणाला चिंबोरीची चव असायची, पण हा रस्सा म्हणजे चिंबोरीच होती. हे हिनं केलं कसं? मागच्या दारी उखळ पडलं होतं, बाजूला ठेचलेल्या पायांचा चोथा आणि एक ओलं फडकं. मग कळलं. चिंबोऱ्या साफ करताना त्या रिकाम्या आहेत हे पोरीच्या लक्षात आलं असणार. विचारायला घरात कुणी नव्हतं. विचारायची ती बाय देवळात मेणबत्ती लावत होती. तेव्हा तिनं बारीक पाय सगळे ठेचले, फडक्यातून रस पिळला आणि रश्शात घातला. हसण्याच्या नादात कुणी रश्शाकडे लक्षच दिलं नाही.

मी दिलं. पुढच्या अवसेला भरल्या चिंबोऱ्या आणल्या, पाय ठेचले, रस गाळला, मंद विस्तवावर सोडला. लोक ताटं चाटून उठले. काका म्हणाला, याला म्हणतात हात! मरिया कोपऱ्यात खोवणीवर नारळ खोवत होती. तिनं एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. एकदाच.

त्यानंतर तीसेक वर्षं ती खोवणीवर आणि मी चुलीपुढे. तिला चांदण्याचं गणित कळलं नसेल का? वर्षभरातच कळलं असणार. पण तिनं विचारलं नाही, आणि मी जो जो मान घेतला तो तिच्या उखळातला होता. आई गेली, काका गेला, पास्कू गेला. आम्ही दोघी म्हाताऱ्या एका घरात, तिच्या मुलाच्या आधारानं. आमचं भांडण कधीच झालं नाही. कधीकधी वाटायचं, झालं असतं तर बरं.

आता यंदाचं. मरियाच्या मुलाचं लग्न झालं, नवी सून आली आणि सण पुन्हा पुनवेला टेकून आला. आदल्या दिवशी ती मुलगी माझ्यापुढे येऊन बसली. आजी, सणाला काय करू? मी कांदाच चिरत होते, खोटं नाही सांगत.

सुरी खाली ठेवली.

"चिंबोऱ्या नको गो. चांदण्यातल्या पोकळ असतान. बोय कर."

मागे खोवणीचा आवाज थांबला. मी वळले. मरिया माझ्याकडे बघत होती, दुसऱ्यांदा. मी म्हटलं, "मरिया, तुला मी हे सांगितलं नव्हतं. ठाव असून." मग सुनेला म्हटलं, "आणि कालवणात पायांचा रस घालायचं माझं नाय. तुझ्या सासूचं हाय. ते मी चोरलं."

बोलून गेले आणि कसं सांगू — पाटीभर ओलं मीठ डोक्यावरून उतरवावं तसं झालं. मला चक्क भूक लागली. मरियानं क्षमा केली का? तिनं नारळाची वाटी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली, पायानं खोवणी माझ्याकडे सरकवली आणि चुलीपुढे जाऊन बसली. सुनेला म्हणाली, बाटल्या आण.

सण होऊन गेला. कालच्या अवसेला मरियानं चिंबोऱ्या केल्या. नारळ मी खोवला. पहिला नारळ जाडाभरडा झाला, तिनं तो परत पाठवला, आणि मी पुन्हा खोवून दिला.