शरीफाखालाचं ऊन

तुमच्या डोक्यावरच्या उन्हाचं टेंडर निघालं तर तुम्हाला कळेल का? नाही कळणार. ती जाहिरात पेपरात आतल्या पानावर येते, साबुदाण्याएवढ्या अक्षरांत, आणि त्या पानावर तुम्ही वडापाव ठेवता. मला मात्र कळतं. मी दहावी नापास, पण बाजाराला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि पनवेलातले बरेच ठेकेदार कागद काढायला माझ्याकडेच येतात. मशीन गरम होईपर्यंत मी वाचत बसतो. असं वाचून जे शिकलो ते शिकवणारं कॉलेज अजून निघालेलं नाही. निघेल तेव्हा त्याचंही टेंडर आधी मीच वाचेन.

पण गोष्ट माझी नाही, शरीफाखालाची आहे.

खाला, म्हणजे सगळ्या बाजाराची मावशी, सुकी मासळी विकते. सोडे, जवळा, बोंबील, मांदेली. अंगावर पांढरी ओढणी, कमरेला चाव्यांचा जुडगा, चष्म्याची एक काडी गेली म्हणून तिथं दोरा. मच्छीबाजाराच्या शेडमध्ये शिरलात की दारातला पहिला ओटा तिचा, त्याआधी तिच्या सासूचा. नवरा कुवेतला होता, मुलगा जमाल अजून तिकडेच. तो फोनवर म्हणतो, अम्मी, दुकान सोड, इकडे ये. ती म्हणते, तुमच्याकडे एवढं ऊन आणि वाळवायला काही नाही, मी येऊन काय करू. गिऱ्हाईक बोंबील दाबून बघायला लागलं की सांगते, "दाबू नको, तो मेलेला आहे." भाव एका रुपयानेही उतरवत नाही, पण वजन झाल्यावर वर एक मूठ टाकतेच, आणि त्या मुठीसाठी लोक पळस्प्याहून येतात.

तर टेंडर असं होतं. बाजारातल्या ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा आणि शेडच्या स्लॅबवर सोलर पॅनल बसवून बाजाराचे दिवे पेटवायचे. कुठल्या कचेरीने काढलं ते लिहीत नाही. लिहिलं की नोटीस येते, आणि तिची झेरॉक्स मलाच काढावी लागते. टेंडरची जाडी उशीएवढी. कुठल्या तरी डोंगराळ राज्यातलं उचलून गावाचं नाव तेवढं बदललेलं. त्यात लिहिलं होतं की पॅनलांनी बर्फाचा भार सोसला पाहिजे. पनवेलच्या मच्छीबाजारात बर्फ भरपूर असतो, पण तो पापलेटाखाली असतो.

काम एका कंपनीला मिळालं. तिचा माणूस देवेश, गोड बोलणारा, इस्त्रीतला. त्याने पहिल्याच आठवड्यात खालाचा ओटा रिकामा करून त्यावर कंपनीच्या पेट्या रचल्या. मागचं मोकळं अंगण, जिथे ती मासळी वाळवायची, तिथे गॅसची भलीमोठी टाकी उभी राहिली. खालाला दिली संडासाच्या भिंतीलगतची जागा. तिथे ऊन येत नाही, आणि गिऱ्हाईक आलंच तर दुसऱ्या कामासाठी येतं.

मी टेंडर उघडून तिला वाचून दाखवलं: 'बाधित विक्रेत्यास पूर्वीच्या सर्व सोयींसह पर्यायी जागा द्यावी व प्रकल्पाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर मूळ ओटा परत करावा.' खालाने विचारलं, दाखला कधी मिळतो. मी म्हणालो, पॅनलांनी ठरलेली वीज दिली की, गॅसची अट त्यात नाही. ती म्हणाली, मग मिळेल, ऊन काय कमी आहे.

दिवाळीला पॅनल सुरू झाले आणि वीज आली निम्मी. देवेशच्या मोबाईलवर रोज आकडा यायचा आणि रोज त्याचं तोंड उतरायचं. दाखला अडला, म्हणून ओटा अडला. आगोटीची खरेदी जवळ आली, म्हणजे पावसाआधी घरोघरी सुकं भरून ठेवायचे दिवस. खालाचं वर्ष त्या दिवसांवर चालतं. ते दिवस संडासाच्या भिंतीशी गेले असते तर पुढच्या वर्षी खाला बाजारात दिसली नसती, जमालकडे कुवेतला बसून उन्हाकडे बघत राहिली असती. हे तिलाही कळत होतं. फक्त ती बोलून दाखवत नव्हती.

आता वीज का कमी येत होती ते तुम्हाला सांगून टाकतो, कारण बाजारात ते सगळ्यांना ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते फक्त साहेबांना, देवेशला आणि मला.

खाला पॅनलांवर मासळी वाळवत होती.

अंगण गेलं, भिंतीशी ऊन नाही, आणि वर बघावं तर काळ्या, तापलेल्या, गुळगुळीत काचा, थोड्या उतरत्या, पाणी निथळायला. अशी जागा उरण-करंजाच्या बंदरावरसुद्धा नाही. वर जायला लोखंडी जिना होताच. पॅनल धुण्याचं काम कंपनीने शेडचा वॉचमन काशिराम याला दिलं होतं. काशिरामचे गुडघे गेलेले. त्याने ते काम खालाला दिलं, बदल्यात आठवड्याची वाटीभर सुकट. खाला सकाळी पॅनल साबणाने घासायची, कारण त्यावर खाण्याची वस्तू ठेवायची असते. मग जुनं जाळं अंथरून जवळा, सोडे, मांदेली. दोन रांगांच्या मध्ये दोऱ्या बांधून बोंबील.

साहेब तपासणीला येत, पण कळवून येत. साहेब येणार म्हटलं की खाला पहाटेपासून एक काडी वर ठेवत नसे. लबाडी म्हणून नाही. आजवर बाजारात झालेली प्रत्येक तपासणी "जरा सोडे बांधून द्या"वर संपलेली तिने बघितली होती. म्हणून माल लपवायचा, ही तिच्या सासूची शिकवण. साहेब वर चढत आणि बघत तर पॅनल आरशासारखे. टेंडरवाल्या कचेरीचे मुख्य साहेब विनायकराव, मूळचे पुण्याचे, आता नवीन पनवेलला राहतात. ते म्हणाले होते, इतके स्वच्छ पॅनल मी दुसरीकडे पाहिले नाहीत. तपासणीच्या दिवशी वीजही झकास यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मी. कधी धुक्यावर खापर, कधी बाजूच्या टॉवरच्या सावलीवर, एकदा तर कावळ्यांवर. कावळे होतेच म्हणा, पण ते का होते हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या कुठल्याही इमारतीत चोर वासावरून सापडला असता. मच्छीबाजारात वासाला कोण विचारतो?

मी मात्र ठाम होतो की पॅनल बोगस आहेत. असे प्रकार मी कागदांत बघितले आहेत. मी माहितीचे अर्ज टाकले, देवेशला चारचौघांत चोर म्हणालो, आणि एका सकाळी तडकलो तो न सांगता थेट जिन्यावर. काशिराम आडवा आला.

"निकेशभाऊ, वर नको जाव. वर काय नाय."

मी गेलो. वर खाला मांडी घालून बसली होती आणि अख्ख्या सौरऊर्जेवर गुलाबी जवळा पसरला होता. बोंबील वाऱ्यावर हलत होते. मी तिथेच ओरडायला लागलो. तिने मला बसायला पाट सरकवला.

मी सांगितलं, तुझ्या मासळीमुळे वीज अडली, विजेमुळे दाखला, दाखल्यामुळे तुझाच ओटा. तिला ते पटेना. ती म्हणाली, "मी ऊन घरी नेते का? बघ, जवळा सुकला, म्हणजे ऊन आहे. ऊन असून वीज नाय, तर मशीन त्यांची खराब."

मी एका पॅनलवरचं जाळं बाजूला केलं आणि खाली देवेशला फोन लावून आकडा विचारला. मग दुसरं. मग तिसरं. आकडा चढत गेला. खाला जाळ्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. चष्मा काढून ओढणीने पुसला.

"म्हणजे मीच माझ्या ओट्यावर बसलेय," ती म्हणाली.

काशिराम जिन्यात धापा टाकत उभा होता. त्याला विचारलं, एवढे महिने बोलला का नाहीस. तो म्हणाला, "मना कोणी इचारलाच नाय. सगले मोबाईललाच इचारीत व्हते."

कंपनीचे पॅनल चांगले निघाले याचा मला आजही राग आहे.

पण पेच तसाच होता. मासळी काढली तर दाखला मिळणार, पण पावसाआधी वाळलेला माल नाही. ओटा मिळूनही त्यावर ठेवायला काही नाही. नाही काढली तर माल आहे, ओटा नाही. मी टेंडर घेऊन बसलो. बर्फाबद्दल अर्धं पान होतं, मासळीबद्दल एक ओळ नव्हती. पण 'पूर्वीच्या सर्व सोयींसह' हे तीन शब्द होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत. मी विनायकरावांना म्हणालो, पूर्वी खालाला जी सोय होती तिचं नाव ऊन. ते द्या. त्यांनी आधी ते हसण्यावारी नेलं. मग मी म्हणालो की पॅनलांवरच्या जवळ्याचे फोटो माझ्याकडे आहेत आणि त्यांचा 'इतके स्वच्छ पॅनल' हा शेरा फाइलमध्ये आहे, दोन्ही शेजारी शेजारी छापून येतील. हसणं थांबलं. देवेश तर हात जोडून उभा होता, त्याला फक्त पॅनल मोकळे हवे होते. पण ऊन द्यायचं कुठून? रस्त्याकडेला टपऱ्या, बाकी सगळीकडे टॉवरची सावली. बाजाराजवळ उन्हाची मोकळी सरकारी जागा एकच निघाली: त्याच कचेरीची गच्ची.

शिपाई काहीतरी बोलायला पुढे झाला. तो उरणचा होता. विनायकरावांनी त्याला हाताने थांबवलं. ते पक्के शाकाहारी. म्हणाले, "सुकी आहे ना? मग वास कसला?" आणि सही केली.

मी लगेच कागद उचलला. खालाने तर सहीवर फुंकर मारून ती वाळवली.

मासळी गच्चीवर गेली आणि पॅनल मोकळे झाले. आकडे असे चढले की देवेश बाजारभर मोबाईल दाखवत फिरला. पण कचेरी ती कचेरी. दाखल्याची फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला तयार नव्हती. कुणी रजेवर, कुणी ट्रेनिंगला. मी ओरडण्याच्या तयारीत होतो. खाला म्हणाली, थांब, हवा जरा फिरू दे.

हवा फिरली. आंबाडीचं सरबत पिऊन घ्यावं असं ऊन होतं, आणि त्या उन्हात जवळा वास सोडतो तो शब्दांत सांगता येत नाही. जिन्यातून तो पहिल्या मजल्यावर आला, मग तळमजल्यावर. फाइलींना लागला, पडद्यांना लागला, टायपिस्टच्या डब्यातल्या भेंडीला लागला. मांजरं आवक-जावक विभागात फिरायला लागली. एका कावळ्याने विनायकरावांच्या गाडीवर अर्धा बोंबील टाकला. घरी बायकोने त्यांचे शर्ट वेगळ्या बादलीत धुवायला सुरुवात केली, असं शिपायाने मला झेरॉक्स काढता काढता सांगितलं.

मग खालाला बोलावणं आलं. मी सोबत. विनायकराव खिडकीपाशी नाकाला रुमाल लावून उभे होते. त्यांनी विनंती केली, मावशी, आजच्या आज ती मासळी हलवा. खाला खुर्चीच्या टोकावर बसली. ओढणी नीट केली. एवढ्या मोठ्या कचेरीत ती आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसली होती आणि तिला ती आवडली होती.

"हलवते ना साब," ती म्हणाली. "पण पर्यायी जागा ओटा मिळेपर्यंत असते. कागदात तसंच आहे. निकेश, वाच रे."

मी वाचलं. हळूहळू, आणि दोनदा.

ट्रेनिंगला गेलेला माणूस त्याच दुपारी परत आला. रजेवरचा घरून बोलावून घेतला. दाखला शुक्रवारी निघाला. शनिवारी देवेशने स्वतः ओट्यावरच्या पेट्या उचलल्या, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि खालाने त्याला वर एक मूठ सोडे दिले. आगोटीला अजून काही आठवडे शिल्लक होते. गच्चीवरचा माल खाली आला, आणि तो संपला असा की शेवटी गिऱ्हाइकं रिकाम्या टोपलीचा तळ खरवडत होती. खाला म्हणते, कचेरीच्या उन्हाची मासळी जास्त टिकते. ते खोटं आहे, पण विकायला बरं आहे.

एक राहिलं. त्याच टेंडरातली गॅसची टाकी अजून उभी आहे आणि तिच्यातून गॅस निघालेला नाही. ओला कचरा तिच्या शेजारून गाडीत भरून गावाबाहेर जातो. उद्घाटन झालंय, फोटो निघालेत, टाकीवर कबुतरं राहतात. त्यावर पुढच्या सोमवारी सकाळी त्याच कचेरीत बैठक आहे आणि ती सर्वांसाठी खुली आहे, हे साबुदाण्याच्या अक्षरांत छापलंय. तुम्ही वाचलेलं नाही, म्हणून मी सांगतोय.

या. रिकाम्या हाताने येऊ नका. आधी खालाच्या ओट्यावर थांबा, पावशेर जवळा बांधून घ्या, आणि बैठकीत आपल्या समोरच्या टेबलावर पुडी उघडून ठेवा.