मीडियम वेव्हवरची सुरतची कानबाई

आमच्या घरातला रेडिओ दिवसा बहुतेक मुकाच असायचा. खानदेशातलं आमच्या भागाकडचं केंद्र मीडियम वेव्हवर लागायचं आणि दिवसाउजेडी त्याची लहर सुरतेत, आमच्या नवागामपर्यंत पोचत नसे. दिवस मावळला की मात्र आवाज घट्ट होत जायचा. आधी नुसती खरखर, मग तिच्यातून एखादा शब्द, आणि भाकरी थापून होईपर्यंत अख्खा माणूस बोलायला लागायचा. केळीचे भाव, तापीच्या खोऱ्यातलं हवामान, आणि आठवड्यातून एकदा अहिराणी गाणी. गाण्यांच्या वेळी आमच्या चाळीतल्या बायका दाराशी येऊन बसत.

माय त्या सगळ्यांत मोठ्या आवाजाची. कानबाईच्या रोटांना, म्हणजे श्रावणातल्या आमच्या देवीच्या सणाला, गाणी तीच उचलून धरायची. एका संध्याकाळी रेडिओवर कानबाईचं गाणं लागलं. चांगलंच होतं. माय शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "गोड शे. पन असं ते मीबी गास."

शेजारची काकू हसली. "मंग जाय ना रेडिओवर!"

"जासच," माय म्हणाली.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मला वाटलं, बोलली आणि विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला केंद्राकडे अर्ज लिहायला बसवलं. वडील खात्यात जायला निघाले होते. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात आणि लूमला संचा. वर्षानुवर्षं संच्यांच्या आवाजात काम करून त्यांना थोडं कमी ऐकू यायचं. ते दारात थांबून म्हणाले, "काय लिखी ऱ्हायनी?"

"तुमनी बायको रेडिओवर गावाव शे," मायनं त्यांना ओरडून सांगितलं. ते नुसते हसले आणि डबा उचलून गेले. मी तिला म्हटलं, उत्तर नाही आलं तर वाईट नको वाटून घेऊस. ती म्हणाली, "उत्तर नही उनं, ते मीच जास."

उत्तर आलं. आवाजाच्या चाचणीला बोलावलं होतं. माय, चाळीतल्या तीन बायका आणि मी उधन्याहून भुसावळच्या गाडीत बसलो. नंदुरबार येईपर्यंत त्यांनी इतकी गाणी म्हटली की मला घशांची काळजी वाटायला लागली.

केंद्राची इमारत बैठी होती. आतल्या गार खोलीत भिंतींना भोकाभोकांचे पत्रे लावलेले होते आणि टाळी वाजवली तर ती जागच्या जागी विरून जायची. काचेपलीकडे एक मध्यमवयीन अधिकारी होते, मृदू बोलणारे. बायकांनी दोन गाणी म्हटली. ते मान डोलवत होते. मग मायनं तिसरं सुरू केलं. ते तिनं स्वतः जुळवलेलं होतं.

*कानबाई माय उनी सुरतना गावले,*
*संचाना ताल लागना तिना पावले.*

अधिकाऱ्यांनी हात वर करून थांबवलं आणि ते आत आले.

"ताई, आवाज फार छान आहे. पण हा 'संचा' आपल्या गाण्यातला नाही. सुरतचं कडवं वगळून म्हणा ना. ऐकणाऱ्यांना पारंपरिक गाणं हवं असतं."

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. मायनं पदर नीट केला.

"साहेब, आम्ही सुरतमा ऱ्हातस. कानबाई आमनासंगे गाडीमा बशीसन तठे उनी. आमनं घर जे शे, ते ती देखस. मंग गानामा कसाले लपाडू?"

"पण परंपरा..."

"मन्ही मायनी तिना गावनं जोडं, तिनी मायनी तिना गावनं. मी मन्हं जोडस."

अधिकाऱ्यांनी हातातल्या कागदावर एक खूण केली. मग म्हणाले, "दोन्ही म्हणा, रेकॉर्ड करून घेतो. एकदा जुनं, एकदा तुमचं. कुठलं लावायचं ते मी ठरवीन."

"ठरावा," माय म्हणाली आणि दोन्ही सारख्याच जोरात गायली.

प्रसारणाचा दिवस कळला तेव्हा नवीच अडचण लक्षात आली. आमच्या चाळीला लागूनच वडिलांचं खातं. संचे चालू असले की त्यांच्या मोटरींमुळे रेडिओवर खर्रर्र सुरू व्हायची. एरवी कान देऊन ऐकलं की भागायचं. पण वडिलांना त्यातून काहीच कळलं नसतं, आणि त्या दिवशी ते पाळीवर होते.

माय सरळ खात्यात गेली. मी मागोमाग. शेठ गादीवर चहा घेत होते. माय गुजराती-मराठी मिसळून बोलायला लागली.

"शेठ, सांजे मारुं गीत रेडिओ पर आवशे. एक गाणं होईपर्यंत संचे बंद ठेवा."

शेठना आधी नीट कळलंच नाही. कळल्यावर ते म्हणाले, "बेन, संचा बंद करुं तो कापड कोण वणशे?"

"दिवाळीमां बंद ऱ्हातस, तव्हय कोन वणस?"

हिशेब लिहिणारा कारकून खाली बघून हसू दाबत होता. शेठ मात्र उघडच हसले. "एक गीत. पछी तरत चालू."

संध्याकाळी रेडिओ खात्याच्या ओट्यावर ठेवला. चाळ जमली होती. निवेदिकेनं सुरतच्या महिला मंडळाचं नाव घेतलं तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. असं मंडळ आमच्याकडे नव्हतंच. अर्जावर काहीतरी हवं म्हणून मी लिहिलं होतं. शेठनी आत हाक दिली आणि संचे एकेक करून थांबले. इतकी शांतता मी त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. कामगार कापसाची लव झटकत बाहेर आले.

मायचा आवाज आला. लहर मधेच खाली जायची, पुन्हा वर यायची. मी श्वास धरून होते, कुठलं गाणं लावलंय? मग स्वच्छ ऐकू आलं, *संचाना ताल लागना*.

वडील रेडिओला कान लावून उकिडवे बसले होते. त्यांनी वर बघितलं आणि मायला विचारलं, "आमना संचा?"

"तुमनाच," ती म्हणाली.

वडील गाणं संपल्यावर उठले, आत गेले आणि सगळ्यांच्या आधी आपला संचा त्यांनी सुरू केला.

त्या आठवड्यात भेस्तानहून दोन बायका चौकशी करत आल्या: ते मंडळ कुठं आहे, आम्हालाही घ्या. मायनं मग खरंच मंडळ काढलं. ते अजून आहे. रोटांना त्यांच्या ओव्या ऐकायला आता कामरेजहूनही माणसं येतात. नव्या मुली घरात गुजराती बोलतात, गाणी मोबाइलवर गुजराती लिपीत लिहून घेतात. मायला त्याचं काही वाटत नाही. "तोंडवर यायला पाहिजे, बस," ती म्हणते.

काही वर्षांपूर्वी त्या केंद्राची मीडियम वेव्ह बंद झाली. बातमी मीच तिला सांगितली. तोपर्यंत कार्यक्रम मोबाइलवर दिवसाउजेडीही लागायला लागले होते. तिनं विचारलं, "गाना चालू शेतस ना?" मी हो म्हटलं. ती पुन्हा लसूण सोलायला लागली.

गेल्या श्रावणाच्या आधी तिथल्या एका तरुण निवेदिकेचा फोन आला. नवीन रेकॉर्डिंगसाठी या, म्हणाली. मायची सत्तरी जवळ आलीय, गुडघे दुखतात, पण आवाज खणखणीत आहे.

"बेटा, मी एकदाव उनथू," माय तिला म्हणाली. "आते तू ये."

आणि ती आली, हातात मावेल एवढं यंत्र घेऊन. मायनं आधी तिला खापरावरची पुरणपोळी वाढली, मग बायकांना हाका मारल्या.