रविवारचा स्टोव्ह

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी स्टोव्ह दुरुस्त करायला येणाऱ्या त्या माणसाचं नाव मला कधीच कळलं नाही. आमचा जुना पितळी स्टोव्ह सोमवारी बिघडला तरी तो म्हणायचा, “रविवारी बघू की!” आणि रविवारी मटण घरात आलं, की पाठोपाठ हजर.

वायसर बदलून, बर्नर खरवडून त्यानं पंप मारला, की स्टोव्ह फरफरायला लागायचा. गडी मात्र उठायचा नाही. “वैनी, चा कशावरबी हुतोय. मटण शिजल्याबिगर स्टो बरा झाला म्हणायचं न्हाय.” मग डोळे मिटून तो स्टोव्हचा आवाज ऐकत बसायचा. आईनं पातेल्यावरचं झाकण काढलं, की डोळे आपोआप उघडायचे.

पुढं घरात गॅस आला आणि स्टोव्ह माळ्यावर गेला. “आता काय येतोय तो!” असं वडील म्हणाले.

पहिल्याच रविवारी तो दारात उभा. शेगडीपुढं वाकून त्यानं कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

“ह्यो मुका हाय की! मटण शिजतंय का न्हाय, कळायचं कसं?”

“मग काय करायचं?” आईनं विचारलं.

“बसून बघाय पायजे.”

आईनं मुकाट्यानं रश्शात तांब्याभर गरम पाणी वाढवलं.